वॉर्डात पेशंट खवळला की दिली जाणारी औषधं : नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात मनोविकार वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते. पेशंट ॲडमिट झाला की पहिल्या दोन-तीन दिवसांत घरचे जे विचारतात, ते साधारण ठरलेलं असतं. कोणी व्हरांड्यात गाठून विचारतं, कोणी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे स्किझोफ्रेनियाच्या ॲडमिट पेशंटबद्दलचे आहेत. डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत. इथलं वाचून घरी कोणी सुई उचलू नये.

१. खवळणं आणि रागावणं यात फरक काय? आमचा भाऊ मुळातच तापट आहे.

तापट माणूस ज्या कारणाने तापतो ते तुम्हालाही दिसतं. स्किझोफ्रेनियात कारण आत असतं. शेजाऱ्यांनी भाकरीत काहीतरी कालवलंय, कानात दोन माणसं शिव्या घालताहेत, समोरची बाई आपली आई नाहीच, अशी त्याची पक्की खात्री झालेली असते. दिवसभर कोणी कानात धमक्या दिल्या तर आपणही एका जागी बसणार नाही.

हात उगारायच्या बऱ्याच आधी खुणा दिसू लागतात. येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढत जाणारा आवाज, दाराकडे सारखी नजर, दोन-तीन रात्री उडालेली झोप. या खुणा घरच्यांना आमच्या आधी कळतात. "कालपासून भिंतीला पाठ लावून बसलाय, कोणाला मागून जाऊ देत नाही" हे एका वहिनींनी सहज सांगितलं, आणि त्या रात्री आम्ही त्याचा पलंग भिंतीकडेला घेतला. इंजेक्शन लागलंच नाही.

२. आल्या आल्या इंजेक्शन का देता? गोळीने भागत नाही का?

भागतं, आणि भागत असेल तर गोळीच देतात. आधी बोलणं, मग गोळी, मग सुई, असा क्रम आहे. गर्दी कमी करतो, टीव्ही बंद करतो, एकच माणूस बोलतो. सोलापुरात यात भाषेचा मोठा भाग असतो. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांत कन्नड. माणूस घाबरला की मराठी बाजूला पडते आणि घरची भाषा वर येते. आमच्या एका मामांना "कूर्चोंडी" एवढं म्हटलं की ते बसायचे. "बसा, बसा" असं दहा वेळा म्हणून काही होत नव्हतं.

तो घ्यायला तयार असेल तर तोंडात विरघळणारी गोळी देता येते, जिभेखाली लपवून नंतर थुंकता येत नाही. गोळी झिडकारली आणि त्याला किंवा दुसऱ्याला इजा व्हायची वेळ आली, की मग इंजेक्शन.

३. इंजेक्शनात नेमकं असतं काय? फाइलवर 'सेरेनेस-फेनर्गन' लिहिलंय.

ही दोन औषधं आहेत. सेरेनेस म्हणजे हॅलोपेरिडॉल, १९५८ साली बेल्जियममध्ये तयार झालेलं जुनं अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरचं औषध. मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर वाढल्याने भास आणि संशय उसळतात, तो जोर हे औषध अडवतं. फेनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन. मूळचं ॲलर्जीचं, पण ते थोडी गुंगी आणतं आणि हॅलोपेरिडॉलमुळे स्नायू आखडण्याचा धोका कमी करतं.

ही जोडी स्वस्त आहे म्हणून सरकारी दवाखान्यात देतात, असा एक समज आहे. स्वस्त आहे हे खरं. पण तिची नीट परीक्षाही झाली आहे, आणि तीही आपल्या देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात लोराझेपाम (शांत करणारं, गुंगीचं औषध) आणि ही जोडी यांची तुलना केली. चार तासांनी दोन्हीकडचे बहुतेक पेशंट शांत होते, पण या जोडीने ते लवकर शांत झाले. २००७ मध्ये ओलान्झापिन या दुसऱ्या अँटिसायकोटिकच्या इंजेक्शनशी तुलना झाली. पंधरा मिनिटांत दोन्ही सारखी ठरली, मात्र ओलान्झापिन मिळालेल्यांना पुढच्या चार तासांत पुन्हा औषध देण्याची वेळ जास्त आली. त्याच मालिकेतल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात फेनर्गनशिवाय नुसतं हॅलोपेरिडॉल मिळालेल्यांत स्नायू आखडण्याचे प्रकार दिसले. जोडीतला दुसरा भिडू कशाला, त्याचं उत्तर त्यात आहे.

लोराझेपाम वाईट औषध नव्हे. दारू सोडल्यामुळे पेशंट खवळला असेल तर तेच आधी (प्रश्न १०). पण त्याची इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. मे महिन्यात लाइट गेली की आमचं अर्धं लक्ष त्या फ्रीजकडे.

४. किती वेळात शांत होईल? आणि मग किती तास झोपेल?

पंधरा-वीस मिनिटांत फरक दिसू लागतो, अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक जण बसून दोन शब्द बोलण्याइतके खाली येतात. झोपवणं हा हेतू नसतो. पेशंट जागा आहे, पाणी मागतोय, "मला इथे का आणलं" असं विचारतोय, हे आम्हाला घोरण्यापेक्षा जास्त हवं असतं. जागा पेशंट त्रास सांगू शकतो, गाढ झोपलेला नाही.

तरी पुष्कळ जण झोपतात. कारण औषधाइतकंच आदल्या तीन रात्रींचं जागरणही असतं. अशा वेळी हलवून उठवू नका, भरवण्याचा आग्रह तर मुळीच नको. गुंगीत घास श्वासनलिकेत जातो.

५. शांत झाला, पण चार दिवस झाले तरी आवाज ऐकू येतातच म्हणतो. औषध लागू पडलं नाही का?

खवळणं तासाभरात उतरतं, मूळ आजार तेवढ्यात उतरत नाही. रोजच्या गोळ्यांनी आवाज आणि संशय ओसरायला आठवडे लागतात. सुरुवातीला पेशंट म्हणतो, "आवाज आहेत, पण लांबून येतात", किंवा "आहेत, पण मी लक्ष देत नाही". ही सुधारणाच आहे. इंजेक्शन लवकर काम करतं म्हणून "रोज इंजेक्शनच द्या" असा हट्ट होतो. त्याने आवाज लवकर जात नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढतात.

६. रात्री अचानक मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले. सासू म्हणते, अंगात आलं. काय होतं ते?

स्नायू आखडले. याला डिस्टोनिया म्हणतात. मान वाकडी होते, जबडा धरतो, जीभ बाहेर येते किंवा बुबुळं वर जाऊन तिथेच अडकतात. पेशंट शुद्धीवर असतो आणि भयंकर घाबरलेला असतो. तरुण पुरुषांत जास्त दिसतं, सहसा औषध सुरू झाल्यावर काही तासांपासून तीन-चार दिवसांत.

दिसायला भीतिदायक असलं तरी फेनर्गनच्या किंवा त्या प्रकारच्या दुसऱ्या इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात सुटतं. ताबडतोब सिस्टरला हाक मारा, लिंबू उतरवत बसू नका. गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय असं दिसलं तर हाक मारू नका, ओरडा. घशाचे स्नायू आखडणं हा जिवाचा प्रश्न आहे.

पुढच्या प्रत्येक दवाखान्यात हे सांगायचं: "याला हॅलोपेरिडॉलने मान वाकडी झाली होती." औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

७. इंजेक्शन दिल्यापासून उलट जास्तच येरझाऱ्या घालतोय. अजून एक द्यायला सांगू का?

थांबा. या प्रश्नावर चांगले अनुभवी लोकही चुकतात, मीही चुकले आहे.

अँटिसायकोटिकमुळे काही जणांच्या पायांत असह्य चुळबूळ सुरू होते. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं. त्याला अकाथिसिया म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं पेशंट पुन्हा खवळला, म्हणून आणखी हॅलोपेरिडॉल दिलं जातं, आणि त्रास दुप्पट होतो. ओळखायची युक्ती साधी आहे: त्यालाच विचारा. "डोक्यात गडबड आहे की पायात?" पुष्कळ जण पायांकडे बोट दाखवतात. मग डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं काही जोडतात.

दुसरं एक कारण सांगायला लाज वाटते म्हणून लपून राहतं. फेनर्गन आणि पॅसिटेनने (स्नायू आखडू नयेत म्हणून देतात ती गोळी) लघवी अडू शकते. एक वयस्कर गृहस्थ रात्रभर पलंगाभोवती फिरत होते. सगळ्यांनी आजार वाढला असं धरलं. फुगलेलं मूत्राशय रिकामं केलं आणि ते झोपले.

८. दर पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी कशाला बघता? झोपलेल्या माणसाला त्रास!

सुईनंतरचा पहिला तास आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. बीपी उतरू शकतं, श्वास मंदावू शकतो, उठताना चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून नाडी, बीपी, श्वास, ताप आणि बोटाला लावलेला ऑक्सिजनचा क्लिप.

ईसीजी कशासाठी, हेही विचारतात. हॅलोपेरिडॉलसकट काही औषधं हृदयाच्या विजेच्या लयीतला एक टप्पा लांबवतात. चार दिवस धड न जेवलेल्या माणसाचं पोटॅशियम कमी असेल तर लय बिघडण्याचा धोका वाढतो. खवळलेल्या पेशंटचा ईसीजी आधी काढता येतोच असं नाही, तेव्हा शांत झाल्यावर काढतात. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते न विचारता सांगा.

ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामसारखं इंजेक्शन लागोपाठ देत नाहीत, बीपी आणि श्वास दोन्ही खाली जाऊ शकतात. म्हणून दुसरीकडे आधी सुई दिली असेल तर कोणती, किती वाजता, ते कळायला हवं. "एक झोपेचं दिलं होतं" एवढ्यावर आमचं काही भागत नाही. रिकामी कुपी आणलीत तर फारच उत्तम.

९. उन्हाळ्यात ही औषधं उष्ण पडतात म्हणे. ताप आला तर काय समजायचं?

'उष्ण पडतात' हा शब्द वैद्यकातला नसला तरी त्यात तथ्य आहे. ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात, आणि फेनर्गन-पॅसिटेन घामही कमी करतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला ऊन लागायला एवढं पुरतं. पाणी, ताक, सावली, आणि दुपारी बाहेर नाही.

पण वॉर्डात आम्हाला धास्ती असते ती दुसऱ्या तापाची. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, नाडी वेगात आणि पेशंट बरळतोय, असं एकत्र दिसलं तर तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. क्वचित होतो, पण जिवावर बेततो. अँटिसायकोटिक लगेच थांबवतात, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतात, पेशंट आयसीयूत जातो. घरी गेल्यावर असं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, १०८ ला फोन करा.

१०. तो दारू पितो, कधी ताडीही. हे डॉक्टरांना सांगावं का? पोलिसांत जाईल का?

सांगावं, आणि नाही, पोलिसांत जात नाही. रोज पिणारा ॲडमिट झाला की दारू एकदम सुटते. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, किडे दिसतात, तो खवळतो, आणि ते स्किझोफ्रेनियासारखंच वाटतं. पण त्यावर लोराझेपामच्या गटातलं औषध आणि थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं. नुसतं अँटिसायकोटिक दिलं तर फिट येण्याची शक्यता उलट वाढते. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायनं असतात. ती सुटली की असंच होतं, आणि ती अंगात असताना सुई दिली तर गुंगीवर गुंगी चढते. किती पितो, शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. "कधीमधी" याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो.

११. वॉर्डात बिडी बंद केल्यापासून तो जास्त सुस्त झालाय. संबंध आहे का?

आहे, आणि विड्या वळणाऱ्यांच्या या गावात हा प्रश्न येणारच. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही अँटिसायकोटिक औषधं भराभर मोडतं. बिडी थांबली की काही दिवसांत तेच औषध रक्तात जास्त साठू लागतं. मग झोप, लाळ, चक्कर. डोस कमी करावा लागू शकतो. घरी जाऊन पुन्हा बिडी धरली की उलटं: औषध कमी पडतं, आणि "गोळ्या तर नीट घेतोय, मग पुन्हा का बिघडला" हे कोडं पडतं.

हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे मिश्री किंवा तंबाखू मळून खाणाऱ्यांना हे लागू नाही. मात्र निकोटिन तुटल्याची चिडचिड त्यांनाही होते, तेव्हा तीही सांगा.

१२. चहातून किंवा आमटीतून औषध घालून देता येईल का?

नाही. ज्याला आधीच वाटतंय की घरचे अन्नात विष घालतात, त्याला एकदा कडवट चहा लागला की त्याची शंका खरी ठरते. पुढे तो औषधच नव्हे, जेवणही सोडतो. आम्ही सीलबंद बाटलीतलं पाणी त्याच्यासमोर उघडतो, गोळी पाकिटातून त्याच्याच हातावर काढतो.

१३. हात पलंगाला बांधलेले पाहिले. हे चालतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याचं कलम ९७ सांगतं: लगेच होणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि तेवढाच वेळ. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, कारण आणि वेळ फाइलवर लिहावी लागते, पेशंटवर सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, प्रश्न १४) २४ तासांच्या आत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि रात्रपाळीला ते मला अनेकदा आठवतं. एकट्याला खोलीत कोंडणं आणि साखळदंड यांना पूर्ण मनाई आहे. घरी खांबाला साखळीने बांधून ठेवलेले पेशंटही आमच्याकडे येतात. मनगटावरचे वळ आम्हाला दिसतात. तुमची हतबलता समजते, तरी साखळी नको.

१४. सही कोणाची लागते? तो नाही म्हणाला तरी इंजेक्शन देता येतं?

पेशंटला समजत असेल तर संमती त्याचीच. समजण्याच्या स्थितीत नसेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी. तो त्याने साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमलेला असतो. नेमला नसेल तर सहसा नातेवाईक. प्रतिनिधीच्या अर्जावर, दोघांनी स्वतंत्र तपासणी केल्यावर, ३० दिवसांपर्यंत ॲडमिट ठेवता येतं (कलम ८९).

जीव धोक्यात असेल किंवा गंभीर इजा होणार असेल तर तातडीचा उपचार प्रतिनिधीच्या संमतीने, आणि तो तिथे नसेल तर त्याविनाही, जास्तीत जास्त ७२ तास देता येतो (कलम ९४). त्यात शॉक ट्रीटमेंट बसत नाही.

"येरवड्याला (पुण्याच्या मनोरुग्णालयात) पाठवणार का?" हे याच्याच पोटातलं. बहुतेकांना तशी गरज पडत नाही. खवळलेला पेशंट काही दिवसांत खाली येतो आणि इथूनच घरी जातो.

१५. गाणगापूरला जाऊन आलो, दंडात ताईत आहे. काढायला लावणार का?

ताईत राहू द्या. गळ्यातला लांब दोरा मात्र काढतो, गळ्याला अडकू नये म्हणून. तिथे काही काढा, झाडपाला किंवा कोणाच्या हातची पुडी घेतली असेल तर ती सांगा. रागावणार नाही.

१६. आई सत्तरीची आहे, पहिल्यांदाच अशी ओरडतेय. तिलाही हेच इंजेक्शन?

या वयात पहिल्यांदा असं झालं तर आधी स्किझोफ्रेनिया गृहीत धरत नाहीत. लघवीचा संसर्ग, सोडियम घटणं, साखर कमी-जास्त होणं, नवीन गोळी, डोक्याला मार, हे आधी पाहतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांत अँटिसायकोटिकमुळे मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून दिलंच तर अगदी थोडं, थोडे दिवस. पार्किन्सन असेल तर हॅलोपेरिडॉल टाळतात.

गरोदर बाईचा प्रश्नही इथेच. पोटात बाळ आहे म्हणून उपचार बंद करणं सुरक्षित नसतं. अनावर आजार आई आणि बाळ दोघांनाही घातक. औषध निवडून देतात, स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेतात.

१७. महिन्याचं इंजेक्शन असतं ना? तेच आत्ता द्या, म्हणजे कटकट मिटेल.

लांब पल्ल्याची इंजेक्शनं स्नायूत साठून हळूहळू उतरतात, आत्ताच्या उद्रेकाला त्यांचा उपयोग नाही. शिवाय त्रास झाला तर दिलेलं परत काढता येत नाही. म्हणून आधी तेच औषध गोळीने सोसतं का ते पाहतात. गोळ्या टाकून देण्याची सवय असलेल्यांना मात्र डिस्चार्जच्या वेळी हा पर्याय जरूर विचारा. घरी पुन्हा खुणा दिसू लागल्या (प्रश्न १) तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

१८. बरा झाल्यावर तो म्हणतो, 'पुढच्या वेळी मला ते इंजेक्शन नको.' असं लिहून ठेवता येतं का?

येतं. कायद्याच्या कलम ५ नुसार सज्ञान माणूस आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवू शकतो. याला आगाऊ निर्देश म्हणतात. तातडीच्या उपचाराला तो लागू होत नाही, ही त्यातली मेख. तरीही कागद फाइलला लावा. कोणत्या औषधाने मान वाकडी झाली, कोणतं मानवलं, हे त्यात असलं की घाईतही डॉक्टरांना निवड करता येते. एका मुलाने फक्त तीन ओळी लिहून दिल्या होत्या: सुई दंडात द्या, कमरेत नको. आधी सांगा, मागून येऊ नका. आईला बाहेर पाठवा.